चिंचेनं घासलेलं काडतूस

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा भरपूर झाला, पण त्यातला सगळ्यांत लखलखीत मूर्खपणा मी चिंच-मीठ लावून घासला, धुतला, पुसला आणि हळदकुंकू वाहून देवापुढे मांडला. खुनाच्या खटल्यातलं एक रिकामं काडतूस मी खंडेनवमीच्या सकाळी घासून सोन्यासारखं पिवळं केलं. भांडं समजून घासलं असतं तर निदान अडाणीपणावर भागलं असतं. ते काडतूस आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर घासलं.

नातवंडांना ही गोष्ट फार आवडते, कारण त्यांना मी ती अर्धीच सांगते. आजी, चिंच, कुंकू, आजोबांचा चेहरा, इथवर. पुढचं कोणी विचारत नाही. इथे पुढचंही लिहिते.

साठीच्या दशकाची सुरुवात होती. मी तेवीस वर्षांची होते आणि जगातलं बहुतेक सगळं मला कळत होतं. लग्न होऊन साताऱ्याहून थेट जयपूरला आले होते. बनी पार्कात एका मोठ्या घराच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या होत्या. पुढे एक पडवी, तिच्यापलीकडे कडुनिंब, आणि स्टेशनातून गाडी सुटली की कपाटातल्या बरण्या थरथरायच्या. आमचे हे केंद्र सरकारच्या नोकरीतून इकडे आले होते. काम काय, तर पोलिसांनी पकडून आणलेल्या बंदुका आणि जागेवर सापडलेल्या गोळ्या-काडतुसं तपासायची, आणि ही गोळी त्या बंदुकीची की नाही ते सांगायचं.

बंदुकांचं काम करणारा नवरा म्हटल्यावर मी मनात रुंद छाती, पिळदार मिशी असं काहीबाही रंगवलं होतं. प्रत्यक्षात आले ते चष्मा, गळ्याला मार्चपर्यंत मफलर, आणि न्हाणीघरात झुरळ निघालं तर मला हाक. तरी मैत्रिणींना पत्रं लिहिताना मी दर वेळी "आमचे हे बंदुकांचे डॉक्टर आहेत" हे वाक्य घालायचे. त्यातल्या एकीनं उलट टपाली विचारलं होतं, बंदुकीला ताप आला की मोजतात कुठून. मी वर्षभर तिला पत्र टाकलं नाही.

ह्यांनी मला त्यांचं काम एकदा पोळपाटावर समजावून सांगितलं होतं. आमच्या लाटण्याला एका टोकाशी बारीकशी खोक पडली होती. मी लाटलेल्या प्रत्येक पोळीवर कडेला एक नखाएवढी रेघ उमटायची. त्यांनी पोळी उजेडात धरली आणि म्हणाले,

"ही पोळी उद्या शेजारच्या घरात सापडली, तरी मी सांगेन की आपल्या लाटण्याची."

"शेजारी कशाला जाईल माझी पोळी?"

"समज, गेली."

"त्यांना साध्या घडीच्या पोळ्या तरी येतात का?"

"अगं, ऐक तरी. बंदुकीचं तसंच असतं. काडतुसाच्या बुडाला मधोमध एक टिकली असते. घोडा दाबला की बंदुकीतली टाचणी त्या टिकलीवर आपटते, तिथे खळगा पडतो. आणि काडतूस मागे रेटलं जाऊन बंदुकीच्या पोलादावर दाबलं जातं. त्या पोलादावर जे ओरखडे असतील ते सगळे टिकलीवर उठतात. दोन बंदुका एकाच कारखान्यातल्या, एकाच दिवशीच्या असोत. खळगा सारखा दिसेल, पण ओरखडे नाहीत."

मग एका रविवारी ते मला ऑफिसात घेऊन गेले. ऑफिस म्हणजे भाड्याच्या बंगल्यातल्या तीन खोल्या. मधल्या खोलीत ते नवं यंत्र होतं: दोन सूक्ष्मदर्शक शेजारी शेजारी आणि वर पाहायला एकच जागा. डावीकडे एक काडतूस, उजवीकडे दुसरं. आत अर्धं हे दिसतं, अर्धं ते, मध्ये केसाएवढी रेघ. दोन्ही फिरवत राहायचं. एकाच बंदुकीची असली तर कधीतरी ह्या बाजूचे ओरखडे त्या बाजूला सरळ चालू होतात, एकाच लुगड्याचे दोन तुकडे जोडताना काठ जुळावा तसे. मला त्यात माझ्या पापण्या दिसल्या. पण "दिसलं का?" असं विचारल्यावर मी मोठ्या रुबाबात "हो, दिसलं" म्हणाले. तेव्हाची मी अशीच होते. न दिसलेलंही मला दिसायचं.

आमच्याकडे दूध घालायला एक बाई यायची. तिशीची असेल, वाळकी, उंच, हातात कोपरापर्यंत लाखेच्या बांगड्या. तिचा नवरा चाकसूच्या बाजूला एका जहागीरदाराच्या बागेवर चौकीदार होता. ती इथे जयपुरात भावाच्या म्हशी सांभाळून दूध विकायची. त्या वर्षी शीतळामातेच्या जत्रेनंतर दोनएक महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, त्या बागेतला माळी विहिरीशी गोळी लागून मेलेला सापडला. आदल्या दिवशी चौकीदाराचं आणि माळ्याचं बकरीवरून भांडण झालेलं दहाजणांनी ऐकलं होतं. चौकीदाराकडे मालकानं दिलेली रायफल होती. पोलिसांनी त्याला नेलं, रायफल नेली, आणि विहिरीजवळ पडलेलं एक पितळी काडतूस नेलं.

हे सगळं ती दूध मापता मापता सांगायची. रडायची नाही. "बाईजी, रायफल तो घर में दो थीं," एवढं मात्र रोज सांगायची. दुसरी रायफल मालकाच्या पुतण्याची. ती कोणी मागितली नाही, कोणी दिली नाही.

रायफल आणि काडतूस तपासणीला आलं ते आमच्याच ह्यांच्याकडे. हे मला कळलं आणि माझा रुबाब गगनात मावेना. मी तिला पडवीत बसवून पोळी आणून दाखवली. खोक दाखवली. माझ्या सातारी हिंदीत बंदुकीचं सगळं शास्त्र समजावलं. ती पोळीकडे बघत राहिली.

"मतलब, मशीन सब देख लेती है?"

"सब. मशीन झूठ नहीं बोलती."

"किसी से डरती भी नहीं?"

"मशीन किससे डरेगी?"

त्या दिवसापासून ती माप भरल्यावर वर एक धार जास्त सोडायला लागली. "साहब की आँखों के लिए," म्हणायची. मी एकदाही नको म्हणाले नाही. त्या दुधाची साय मी खाल्ली, ह्यांच्या डोळ्यांचा काही संबंध नव्हता.

नवरात्रातल्या शनिवारी हे उशिरा घरी आले. कपडे बदलले, हात धुतले आणि ताटावर बसता बसता म्हणाले, "त्याच्या रायफलीचं वाटत नाही ते काडतूस."

मी वरणाची वाटी तशीच हातात धरून उभी राहिले. "म्हणजे सुटला?"

"वाटत नाही, एवढंच म्हणालो. त्याच्या रायफलीतून मी दोन गोळ्या झाडून पाहिल्या. तिच्या काडतुसांवर आडवे ओरखडे उठतात. विहिरीवरच्या काडतुसावर गोल आहेत, पाण्यात खडा टाकल्यासारखे. पण उजेड गेला होता. फोटो घ्यायचाय. फोटोवाला गावी गेलाय, दसऱ्यानंतर येईल. मग पुन्हा नीट पाहीन आणि लिहीन."

"लिहून ठेवलंत ना आत्ता?"

"वहीत 'पुन्हा पाहणे' एवढं लिहिलंय. अर्धवट पाहिलेलं लिहायचं नसतं."

ऑफिसातल्या कपाटाची किल्ली त्यांच्या साहेबांकडे होती आणि साहेब दौऱ्यावर गेले होते. टेबलावर तसंच टाकून येणं बरं नाही म्हणून त्यांनी तिन्ही काडतुसं कापसात गुंडाळून तपकिरीच्या रिकाम्या डबीत घालून घरी आणली होती. ती डबी त्यांनी त्यांच्या भिंग आणि मोजपट्टीशेजारी कोनाड्यात ठेवली. "ह्याला हात लावू नकोस," असं ते म्हणाले नाहीत. पुढे कित्येक वर्षं ते ह्याच एका गोष्टीसाठी स्वतःला दोष देत राहिले. मला हात लावू नकोस म्हटलं असतं तर मी आधी लावला असता, हे त्यांना कधी कळलं नाही.

रविवारी सकाळी दूधवाली आली तेव्हा मी तिला सांगून टाकलं. कुणाला सांगू नको असं बजावून, जणू सांगायचा हक्क फक्त माझाच होता. "तुम्हारे आदमी की रायफल नहीं है. साहब ने देख लिया." ती तिथेच, पडवीच्या पायरीवर बसली. दुधाची चरवी मांडीवर घेतली आणि तिच्या कडेवरून हात फिरवत राहिली. मग उठली, माप भरलं, वरची धार सोडली, सोडतच राहिली. माझी भगोनी भरून सांडली.

सोमवारी खंडेनवमी.

आमच्या माहेरी खंडेनवमी म्हणजे थाट. आजोबांची तलवार, काकांचा जंबिया, वडिलांच्या शाळेतली कंपासपेटी, आईची विळी, सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं, झेंडू वाहायचे. जयपुरात आजूबाजूची राजपूत मंडळीही शस्त्रं पूजत होती, समोरच्या घरात तर तलवारींचा ढीग मांडला होता आणि तिथल्या ठाकुराणीनं आदल्या दिवशी मला विचारलं होतं, "आपके यहाँ क्या रखते हैं पूजा में?" मी म्हणाले होते, "हमारे यहाँ भी शस्त्र रखते हैं." रखते हैं म्हटलं खरं. घरात शस्त्र म्हणावं असं काय होतं, तर विळी, कात्री, अडकित्ता. पाटावर मांडले आणि बघितलं तर लग्नाच्या रुखवतासारखं दिसायला लागलं.

आणि कोनाड्यात डबी होती.

हे बाहेर गेले होते. आपट्याची पानं जयपुरात कुठून मिळणार, म्हणून खेजडीची डहाळी आणायला. खेजडी म्हणजे इथली शमी, तिची पूजा चालते. मी डबी उघडली. तीन काडतुसं, प्रत्येकाभोवती कागदाची चिठ्ठी. दोन जरा बरी होती. तिसरं मात्र काळपटलेलं, बुडाशी माती चिकटलेली, आणि अंगावर कोणीतरी खिळ्यानं काहीतरी खरवडलेलं. देवापुढे असलं ठेवायचं? मी तिन्ही घेऊन मोरीशी बसले.

चिंच लावली, मीठ लावलं. काळं हटेना म्हणून विटकर कुटून तिची वस्त्रगाळ पूड केली. तिनं मात्र झकास निघालं. खिळ्यानं खरवडलेलंही मी बरंचसं घालवलं. ती पोलिसांनी ओळखीसाठी केलेली खूण होती हे मला नंतर समजलं. शेवटी बुडाची टिकली राहिली. तिच्या खळग्यात काळं रुतून बसलं होतं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, हिचं काम अर्धं असतं. ते मनात ठेवून मी काडीला चिंधी गुंडाळली, विटकरीच्या पुडीत बुडवली, आणि त्या खळग्यात आणि त्याच्या भोवती फिरवत राहिले. गोल गोल. पाण्यात खडा टाकल्यासारखं काहीतरी शनिवारी ऐकलं होतं, ते मला आठवलंही नाही. माझ्या डोक्यात ठाकुराणी होती.

हे आले तेव्हा पाट सजला होता. विळी, कात्री, अडकित्ता, भिंग, मोजपट्टी आणि मधोमध तीन काडतुसं उभी, प्रत्येकाच्या डोक्यावर झेंडूची पाकळी. उदबत्ती लावली होती.

त्यांनी डहाळी दाराशी ठेवली. चप्पल काढायचीही विसरले. पाटाशी उकिडवे बसले.

"चिंच लावलीस?"

"हो. आणि विटकर."

"विटकर."

"चिंचेनं निघेना. मातीत पडलेलं दिसत होतं."

त्यांनी मधलं, विहिरीवरचं, काडतूस उचललं, धोतराच्या सोग्यानं कुंकू पुसलं, भिंग डोळ्याला लावून दारातल्या उजेडाकडे धरलं. मग दुसरं. मग पुन्हा मधलं. मी वाट बघत होते की कौतुक करतील.

"छान निघालंय," ते म्हणाले.

त्यांनी काडतूस परत पाटावर ठेवलं, होतं तिथेच. "आरती करायची असेल ना? करून घे." मी आरती केली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा विश्वास बसत नाही, पण मला आठवतं ते असंच. ते टाळ्या वाजवत होते आणि त्यांची नजर पाटावरून हलत नव्हती. प्रसादाचा शिरा त्यांनी हातात घेतला आणि तसाच धरून बसले. तेव्हा कुठे मला शनिवारचे ते गोल ओरखडे आठवले.

पुढचे आठ दिवस मी त्यांच्या मागे लागले होते. दसऱ्यानंतर फोटोवाला आला, त्यानं फोटो काढले. फोटोत टिकलीवर ओरखडे होते, भरपूर होते, सगळे माझे. विटकरीचे.

"अहो, पण तुम्ही पाहिलंत ना शनिवारी?"

"पाहिलं."

"मग तसं लिहा ना."

"लिहीन. पाहिलं होतं असं लिहीन. दाखव म्हणतील तर काय दाखवू?"

"तुमच्या शब्दावर विश्वास नाही ठेवणार?"

"का ठेवावा? माझ्या शब्दावर एकाला सोडायचं ठरलं, तर उद्या माझ्याच शब्दावर दुसऱ्याला लटकवतील. म्हणून तर ते यंत्र आणलंय."

"थोडं पक्कं करून लिहा. 'वाटत नाही'च्या जागी 'नाही' लिहायचं, एवढंच तर. कोणाला कळणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी परकी कोणी असल्यासारखं पाहिलं, आणि ते रागापेक्षा वाईट होतं. "मला कळेल," म्हणाले आणि मफलर गुंडाळून बाहेर पडवीत जाऊन बसले. उकडत होतं तरी.

मी रडले, जेवले नाही, दोन दिवस बोलले नाही. हे सगळे उपाय साडीसाठी, माहेरी जाण्यासाठी चालले होते. ह्या कामाला चालले नाहीत. आज वाटतं, ते खोटं लिहितील अशी आशा मी धरली, हा त्या काडतुसापेक्षा मोठा मूर्खपणा. पण आज कोणी पुन्हा तिथे नेऊन उभं केलं तर मी पुन्हा तेच म्हणेन. त्या बाबतीत मी काही शहाणी झालेली नाही.

त्यांनी जसं घडलं तसं लिहिलं: काडतूस त्यांच्या ताब्यात असताना, त्यांच्या घरी, घासलं गेलं, आता निश्चित मत देता येत नाही. वरून खुलासा मागवणारं पत्र आलं. बढती अडकली ती पुढे बरीच वर्षं अडकूनच राहिली. ह्याबद्दल ते मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर निदान भांडता आलं असतं.

खटल्यात साक्षीला जाऊन आल्यावर मात्र, मी फार मागे लागले म्हणून, त्यांनी थोडंसं सांगितलं. साक्ष इंग्रजीत झाली. सरकारी वकिलानं विचारलं, आधी पाहिलंत म्हणता, किती वेळ? अर्धा तास. उजेड? संध्याकाळचा. फोटो? नाही. नोंद? 'पुन्हा पाहणे.' मग वकिलानं विचारलं, घासलं कोणी? हे म्हणाले, माझ्या घरी घासलं गेलं. वकील म्हणाला, नोकरानं? हे म्हणाले, घरच्या माणसाकडून. कोर्टात थोडे लोक हसले.

"तो काय करत होता?" मी विचारलं.

"कोण?"

"तिचा नवरा."

"माझ्याकडे बघत होता. त्याला काही कळत नव्हतं इंग्रजीतलं. मी बोललो की मान हलवायचा, मी त्याच्या बाजूनं बोलतोय असं समजून." मग ते म्हणाले, "खाली उतरलो तेव्हा त्यानं हात जोडले मला."

जन्मठेप झाली. वर अपील गेलं, तेही फेटाळलं गेलं. दुसरी रायफल शेवटपर्यंत कोणी मागवली नाही.

दूधवाली येतच राहिली. निकालानंतर चार दिवस तिचा भाऊ आला, पाचव्या दिवशी ती. मीच दार उघडलं. तिनं माप भरलं आणि वरची धार सोडली. पूर्वीसारखीच.

"मशीन में कुछ आया नहीं, बाईजी," ती म्हणाली. जणू मला माहीत नसेल.

मी "हाँ" म्हणाले. घरात जाऊन भगोनी चुलीवर ठेवली आणि दूध उतू जाईपर्यंत बघत उभी राहिले.

त्यानंतर तीन वर्षं तिनं दूध घातलं आणि तीन वर्षं ती वरची धार सोडली. मधल्या काळात मला मुलगा झाला, त्या दुधावर वाढला. मी लाटणं बदललं. जुनं फेकायला हात होईना, म्हणून माळ्यावर टाकलं. नव्या लाटण्याच्या पोळीवर काही उमटत नाही हे ह्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं असणार. त्यांच्या डोळ्यांतून तसली गोष्ट सुटायची नाही. त्यांनी पोळी दुमडून खाल्ली. दर खंडेनवमीला मी पाटावर फक्त विळी मांडायचे. ठाकुराणीनं एकदा विचारलं तेव्हा सांगितलं, आमच्यात एवढंच असतं.

रोज ठरवायचे, आज सांगेन. रोज सकाळी ती पायरीशी आली की बाळ रडायचं, नाहीतर त्याला कोणी चिमटा काढल्यासारखं मीच उचलून घ्यायचे. माझा धीटपणा ठाकुराणीपुरता होता.

मग आमची बदली झाली. सामान बांधून झालं, ट्रंका पडवीत आल्या. शेवटच्या सकाळी ती आली तेव्हा हे घरमालकांकडे किल्ल्या द्यायला गेले होते आणि बाळ झोपलं होतं. कुठलंच निमित्त उरलं नव्हतं. मी तिला पायरीवर बसवलं, स्वतः खाली फरशीवर बसले, आणि सांगितलं. सगळं. डबी, चिंच, विटकर, काडीला गुंडाळलेली चिंधी. साहेबांनी पाहिलं होतं ते खरं होतं, ते मी पुसलं. मशीनला काही दिसलं नाही कारण मी काही ठेवलंच नव्हतं. माझ्या मोडक्या हिंदीत हे सांगायला फार वेळ लागला. विटकरीला हिंदीत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना, तेव्हा मी अंगणातल्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिनं भिंतीकडे पाहिलं.

ती रडेल, शिव्या देईल, चरवी माझ्या अंगावर ओतेल, असं मी तीन वर्षं मनात घोळवलं होतं. खरं सांगायचं तर त्यातलं काहीतरी तिनं करावं अशी माझी इच्छा होती. म्हणजे मला मोकळं होऊन गाडीत बसता आलं असतं. माफी मागतानाही मी माझीच सोय बघत होते.

तिनं तसलं काही केलं नाही. बांगड्या मागे सारल्या. चरवीत पडलेली कडुनिंबाची काडी बोटानं काढून टाकली. स्टेशनाकडून शिट्टी आली, ट्रंकेवरच्या पितळी भांड्यांचा बारीक आवाज झाला. मग ती उठली, पदर नीट केला आणि माप हातात घेतलं.

"बाईजी, ये बात उन तक मत पहुँचने देना. वो तो जेल में अब भी यही कहते हैं कि मशीनवाले साहब एक दफ़ा फिर देखेंगे. लाओ, भगोनी लाओ."